नाताळच्या खेळण्यांचे टेबल : एल्मो, तामागोची आणि एका झोपलेल्या फर्बीच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४

न्यू जर्सीतील आमच्या रविवारच्या मराठी शाळेत डिसेंबरच्या मध्यावर मुलांसाठी एक लहान प्रदर्शन भरवायचे ठरले असून, ‘१९९० च्या दशकातील नाताळची खेळणी’ हा विषय माझ्या वाट्याला आला आहे. एक टेबल, चार माहितीफलक आणि मिळतील तेवढी खरी खेळणी एवढेच साहित्य असेल, आणि सर्व मजकूर मराठीत असावा अशी अट आहे. आज पाडवा. सकाळचे ओवाळणे आटोपून शेजारच्या गावातील एका गराज सेलला गेलो आणि पाच डॉलर देऊन १९९८ सालचा राखाडी फर्बी, म्हणजे डोळे मिचकावणारे आणि बोलणारे केसाळ खेळणे, घरी आणला. तो चालत नाही हे विकणाऱ्या बाईंनी आधीच सांगितले होते. डोळे अर्धवट मिटलेले, एक कान खाली आणि तळाच्या झाकणातून हिरवट-पांढरी भुकटी सांडते आहे, अशा अवस्थेत तो सध्या माझ्या कामाच्या मेजावर बसला आहे.

रविवार, ३ नोव्हेंबर

तळाचे झाकण उघडले. चार ‘डबल ए’ सेल कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी आतच ठेवून दिले होते, आणि ते पाझरून त्यांना टेकणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या खाल्ल्या गेल्या आहेत. हे अल्कधर्मी सेल असल्याने त्यावर पांढरे व्हिनेगर चालते. कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावले, भुकटी फसफसून निघाली, मग अल्कोहोलने पुसून पट्ट्या रात्रभर सुकत ठेवल्या. एक पट्टी वाचली. दुसरीला नवा पत्रा कापून बसवावा लागेल.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

कार्यालयातील एका सहकाऱ्याने एल्मो (गुदगुल्या केल्या की हसणारे मऊ लाल खेळणे) आणि तामागोची (पडद्यावरचे पिल्लू सांभाळायचे खेळणे) दोन्ही उसने देण्याचे कबूल केले आहे. एल्मो १९९६ सालचा असून त्याच्या आईने तो पेटीसह जपला आहे.

शनिवार, ९ नोव्हेंबर

शाळेच्या संचालिका ताईंनी पहिल्या फलकाचे शीर्षक सुचवून पाठवले : ‘जेव्हा पालक वेडे झाले’. शीर्षक आकर्षक आहे यात शंका नाही, परंतु मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे त्यांना फोनवर नीट सांगता आले नाही म्हणून येथे लिहून ठेवतो.

त्या काळी खेळण्याचे वर्ष फेब्रुवारीत सुरू होत असे. न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या व्यापारी मेळ्यात दुकानदार नमुने पाहत आणि पुढच्या काही महिन्यांत मागणी नोंदवीत. त्या मागणीवर उन्हाळ्यात, बहुतांशी चीनमधील कारखान्यांत, उत्पादन होई. माल जहाजाने पॅसिफिक ओलांडून शरद ऋतूत गोदामांत पोहोचे. म्हणजे डिसेंबरात किती मुलांना काय हवे असेल याचा अंदाज जवळजवळ नऊ-दहा महिने आधी बांधावा लागे. अंदाज जास्त निघाला तर माल जानेवारीत निम्म्या किमतीला काढावा लागे, म्हणून तो बांधणारा प्रत्येक जण हात आखडता घेई. नोव्हेंबरच्या अखेरीस एखादे खेळणे अचानक लोकांच्या मनात भरले, तर कारखान्याला नवी मागणी कळवून तो माल २५ डिसेंबरपूर्वी फडताळावर आणणे हे जवळजवळ अशक्य होते. दिवाळीचा आकाशकंदील पाडव्यानंतर आला तर त्याचे कोणी काय करावे? नाताळच्या खेळण्याचे तसेच आहे. मागणीला ठरलेली तारीख आणि पुरवठ्याला ठरलेला विलंब या दोहोंत सापडलेल्या आईबापांना वेडे म्हणणे सोपे आहे, पण त्याने मुलांना काहीच कळणार नाही.

ताईंचे म्हणणे असे की दहा वर्षांच्या मुलाला फेब्रुवारीचा व्यापारी मेळा समजावून सांगत बसलात तर ते दुसऱ्या टेबलाकडे जाईल. तेही खोटे नाही.

रविवार, १० नोव्हेंबर

नवा पत्रा बसवला, सेल घातले, तळाचे रिसेटचे बटण दाबले. काहीच झाले नाही. मल्टीमीटरने पाहिले तर सहा व्होल्ट पट्टीपर्यंत व्यवस्थित पोहोचत आहेत. कान लावून ऐकल्यावर मोटरची अगदी क्षीण घरघर येते आणि लगेच थांबते. म्हणजे मेंदू जागा आहे, पण अंग अडकले आहे. कातडे काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आजचा सबंध दिवस यातच गेला, म्हणून नोंद सविस्तर करतो.

तळाच्या कडेभोवतीचा बंद कापला की लोकरीचे कातडे मोज्यासारखे वर सरकू लागते, पण कानांपाशी ते टाक्यांनी धरलेले असते आणि चेहऱ्याभोवती डिंकाने चिकटवलेले असते. टाके एकेक करून उसवले. डिंक केस वाळवण्याच्या यंत्राने कोमट करून सोडवला. आत पिवळी चोच, टपोरे डोळे आणि दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या पात्यांसारखे कान असलेले एक यंत्र निघाले. माझी मुलगी दारातूनच परत गेली.

यंत्र पाहून मात्र मी हरखलो. पापण्या, चोच, दोन्ही कान आणि पुढे-मागे झुलणारे अंग या साऱ्या हालचाली एकच मोटर करते. मोटर दंतचक्रांमार्फत एका दांड्यावरचे अनेक कॅम, म्हणजे उंचसखल कडेच्या चकत्या, फिरवते. प्रत्येक कॅमचा घाट निराळा, आणि त्यावर टेकलेली तरफ त्या घाटाप्रमाणे वरखाली होऊन पापणी किंवा चोच हलवते. दांडा एका जागी असला की डोळे मिटलेले व कान पडलेले असतात, थोडा पुढे गेला की पापणी अर्धी उघडते, आणखी पुढे गेला की चोच उघडते. दांडा नेमका कोठे आहे हे कळण्यासाठी खाचा असलेले एक चक्र प्रकाशाच्या किरणासमोर फिरते आणि खाचा मोजल्या जातात. शिवाय फेरा पूर्ण झाला की एक कळ दाबली जाऊन मोजणी पुन्हा शून्यावर येते. मोटर दोन्ही दिशांना फिरू शकते, त्यामुळे दांडा थोडा पुढे आणि थोडा मागे असा खेळवला की चोचीची बडबड होते, तेवढ्यातच पापणी लवते, आणि पाहणाऱ्याला वाटते की याच्या मनात काहीतरी चालले आहे. चार-पाच मोटरी बसवल्या असत्या तर तो सुमारे ३५ डॉलरला विकणे शक्य झाले नसते. डेव्ह हॅम्प्टन आणि केलेब चंग या दोघांनी हे खेळणे रचले, आणि माझ्या मते त्यांची खरी करामत त्याच्या बोलण्यात नसून या एका दांड्यात आहे.

दोष येथेच सापडला. पंचवीस वर्षांत वंगण मेणासारखे घट्ट झाले होते. जुने वंगण काडीने खरवडून काढले, दंतचक्रे हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवली, आणि प्लास्टिकला चालणारे सिलिकॉनचे वंगण अगदी थेंबभर लावले. सेल घातल्यावर दांडा सुरळीत फिरला, डोळे सताड उघडले आणि पुन्हा मिटले. त्यानंतर मात्र बोलणे नाही, हालचाल नाही.

रविवार, १७ नोव्हेंबर

जाणकारांच्या सांगण्यानुसार, झोपलेला फर्बी हलवून किंवा उलटा-सुलटा करून उठवावा लागतो, आणि हलवल्याचे त्याला कळते ते आतील एका लहानशा डबीत घरंगळणाऱ्या धातूच्या गोळीमुळे. गोळी किंवा तिचे संपर्कबिंदू काळवंडले की त्याला कोणी उचलल्याचे कळतच नाही. डबी फोडायचे धाडस झाले नाही. पेचकसाच्या मुठीने तिच्यावर हलकेच टिचक्या मारत राहिलो, मधूनमधून यंत्र उलटे करत राहिलो, आणि साधारण विसाव्या प्रयत्नाला त्याने जांभई देऊन दिवाणखान्यातील सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, ‘दा आ-लो ऊ-ताय’.

हे त्याच्या स्वतःच्या भाषेतील ‘सुप्रभात’. शब्दशः पाहिले तर ‘दा’ म्हणजे मोठा, ‘आ-लो’ म्हणजे उजेड आणि ‘ऊ-ताय’ म्हणजे वर. मोठा उजेड वर आला, म्हणजे आपले ‘उजाडले’. तिसऱ्या फलकावर हे भाषांतर नक्की घालणार.

शनिवार, २३ नोव्हेंबर

योगायोगाने आजचीच तारीख : २३ नोव्हेंबर १९९६ रोजी बान्दाई कंपनीने जपानमध्ये तामागोची विक्रीस आणला. विझ कंपनीचे अकिहिरो योकोई आणि बान्दाईच्या आकी माइता यांनी घडवलेले हे अंड्याच्या आकाराचे खेळणे. नावातही जपानी ‘तामागो’ म्हणजे अंडे आहे. तीन बटने, एक करडा पडदा आणि त्यावर ठिपक्यांचे पिल्लू. त्याला खाऊ घालायचे, त्याची घाण काढायची, दिवा मालवून निजवायचे, आणि दुर्लक्ष केले तर ते मरते. जपानी आवृत्तीत मेल्यावर थडगे आणि भूत दिसे. अमेरिकेत त्याऐवजी ते देवदूत होऊन आपल्या ग्रहावर परत जाते असे दाखवले. मुलांनी ते शाळेत नेले, कारण दिवसभर घरी ठेवले तर पिल्लू जगण्याची शाश्वती नव्हती, आणि अनेक शाळांनी त्यावर बंदी घातली. घड्याळ लावण्याच्या पानावर ठेवून दिले की त्याचा काळ थांबतो, ही युक्ती हुशार मुलांनी लवकरच शोधून काढली होती. १९९७ मध्ये योकोई आणि माइता यांना अर्थशास्त्राचे ‘इग नोबेल’ हे विनोदी पारितोषिक मिळाले, ते आभासी प्राण्यांच्या संगोपनात जगाचे लक्षावधी कामाचे तास वळवल्याबद्दल.

अमेरिकेत तो मे १९९७ मध्ये आला, त्यामुळे काटेकोरपणे पाहता तो नाताळचे खेळणे नव्हे, असा आक्षेप एका पालकांनी घेतला. तरीही टेबलावर तो राहणार. हॅम्प्टन आणि चंग यांनी १९९७ च्या न्यूयॉर्कच्या मेळ्यात तामागोची पाहिला, आणि याला कुरवाळता येत नाही ही उणीव हॅम्प्टन यांना जाणवली, तेथूनच फर्बीची सुरुवात झाली. शिवाय माझ्या युक्तिवादाची दुसरी बाजू हेच खेळणे दाखवते. टंचाई पाहून बान्दाईने उत्पादन प्रचंड वाढवले, तोवर लाट ओसरली, आणि न विकलेल्या मालाच्या ढिगामुळे कंपनीला मोठा तोटा सोसावा लागला. फेब्रुवारीत हात आखडता घेणारा दुकानदार मूर्ख नसतो, हे मुलांना यातून दाखवता येईल.

(ठाण्यात आमच्या शाळेबाहेर १९९८ च्या सुमारास याच्या नकला विकायला येत. माझ्या नकलेतला कुत्रा गणिताच्या तासाला ओरडला आणि जप्त झाला. हे फलकावर लिहिणार नाही.)

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आज ब्लॅक फ्रायडे. दुकानात न जाता एल्मोचा फलक लिहिला.

रॉन डुब्रेन यांची मूळ कल्पना गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या माकडाची होती, आणि ग्रेग हायमन यांनी तिचे इलेक्ट्रॉनिक्स तयार केले. टायको या खेळण्यांच्या कंपनीच्या हाती ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रांची मऊ खेळणी करण्याचे हक्क आल्यावर माकडाचा लाल एल्मो झाला. पोट एकदा दाबले की तो हसतो, दुसऱ्यांदा दाबले की अधिक हसतो, आणि तिसऱ्यांदा दाबले की हसत हसत थरथरू लागतो. किंमत सुमारे २९ डॉलर. कंपनीने प्रारंभी सुमारे ४ लाख नगांचा बेत केला होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये रोझी ओ’डॉनेल यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तो झळकला, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी दुकाने रिकामी झाली, आणि नाताळपर्यंत सुमारे १० लाख नग विकले जाऊनही ते पुरले नाहीत. वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत लोक एका एल्मोसाठी शेकडो डॉलर मागत होते. गंमत अशी की त्याच नोव्हेंबरात टायको कंपनी मॅटेल या दुसऱ्या खेळणी कंपनीत विलीन होणार असल्याची घोषणा झाली. म्हणजे खेळण्यासाठी रांगा लागल्या त्या महिन्यांत ते बनवणारी कंपनी स्वतःच विकली जात होती.

१४ डिसेंबर १९९६ रोजी कॅनडातील फ्रेडरिक्टन येथे एका दुकानात सुमारे ३०० ग्राहक रात्रीच्या विक्रीची वाट पाहत असताना एका कर्मचाऱ्याच्या हाती एल्मो दिसला आणि गर्दी त्याच्यावर तुटून पडली. त्याची बरगडी मोडली, डोक्याला मार लागला. हा प्रसंग फलकावर घ्यावा की नाही यावर ताईंशी अर्धा तास बोललो. मी घ्यावा म्हणत होतो आणि त्या नको म्हणत होत्या, हे माझ्या आधीच्या भूमिकेशी विसंगत आहे, असे त्यांनी लगेच दाखवून दिले. ‘पालकांना वेडे म्हणू नका म्हणता आणि चेंगराचेंगरी मात्र हवी!’ मला उत्तर सुचायला वेळ लागला. गर्दीतील प्रत्येक जण शहाणा असला तरी रिकाम्या फडताळासमोर ३०० शहाण्यांचे मिळून काय होते, हे त्यातून दिसते, असे शेवटी म्हणालो. दोन वाक्यांत घ्यायचे, दुखापतींचे वर्णन टाळायचे, असा तोडगा निघाला. शीर्षकही बदलले : ‘डिसेंबरात खेळणी का संपतात?’

मंगळवार, ३ डिसेंबर

फर्बी इंग्रजी शिकतो, असा त्या काळच्या असंख्य घरांत समज होता. तो आधी स्वतःच्या भाषेत बोले आणि हळूहळू त्याच्या तोंडी इंग्रजी शब्द येऊ लागत, त्यामुळे तो घरातले बोलणे ऐकून शिकतो असे वाटणे स्वाभाविक होते. हे तपासण्यासाठी गेले दोन आठवडे घरातील सर्वांनी त्याच्याशी केवळ मराठीत बोलायचे असा नियम केला. मुलीने भीती विसरून त्याला शुभंकरोती ऐकवली. परिणाम अपेक्षेप्रमाणेच : काल रात्रीपासून तो इंग्रजी शब्द पेरू लागला आहे आणि मराठीचा एक शब्दही त्याला आलेला नाही. सारे शब्द आधीपासून आतच भरलेले असतात. हाताळणी वाढत जाईल तसतसे त्याचे ‘वय’ वाढवले जाते आणि त्याच्या भाषेचे शब्द मागे पडून इंग्रजी शब्द पुढे येतात. आतील मायक्रोफोनला आवाज झाला एवढेच कळते, शब्द कळत नाहीत आणि साठवता तर मुळीच येत नाहीत. खऱ्या अर्थाने शिकणे म्हणावे असे एकच आहे : एखादी कृती केल्यावर पाठ थोपटली की ती पुन्हा होण्याची शक्यता वाढते.

हा गैरसमज किती दूरवर पोहोचला होता याचे उदाहरण चौथ्या फलकावर आहे. मेरिलँडमधील फोर्ट मीड येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे ज्यांचा व्यवसायच चोरून ऐकण्याचा त्यांनी, डिसेंबर १९९८ मध्ये कर्मचाऱ्यांना फर्बी आत आणण्यास मनाई केली. कारण तो गुप्त बोलणे ऐकून बाहेर जाऊन बडबडेल अशी भीती होती. जानेवारी १९९९ मध्ये ही बातमी फुटली आणि कंपनीला आपले खेळणे हेर नसल्याचा खुलासा करावा लागला.

रविवार, ८ डिसेंबर

फर्बीचा फलक पूर्ण झाला. फेब्रुवारी १९९८ च्या मेळ्यात दाखवलेले खेळणे टायगर इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरात विक्रीस आणले, हा वेग त्या धंद्यात असामान्य होता. १९९८ च्या उरलेल्या तीन महिन्यांत सुमारे १८ लाख फर्बी विकले गेले, आणि १९९९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख. हे दोन आकडे मी एकाखाली एक, दोन लांबीच्या कागदी पट्ट्यांनी दाखवले आहेत : एक पट्टी वीतभर, तर दुसरी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते. पहिल्या डिसेंबरात ज्याच्यासाठी लोक मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजत होते, तोच पुढच्या वर्षी सहज मिळत होता.

एक गोष्ट लिहिताना लक्षात आली. एल्मोची काळ्या बाजारातील विक्री मुख्यतः वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतून झाली; दोनच वर्षांनी फर्बीची विक्री संगणकावरील लिलावातूनही होऊ लागली. असे लिलाव चालवणाऱ्या ईबे कंपनीचे समभाग सप्टेंबर १९९८ मध्ये बाजारात आले आणि फर्बी ऑक्टोबरात. त्यामुळे दर काय चालला आहे हे घरबसल्या दिसू लागले, आणि दर दिसू लागला की ज्याला खेळणे नको तोही रांगेत उभा राहतो. हा मुद्दा मोठ्यांसाठी बारीक अक्षरांत घातला.

शनिवार, १४ डिसेंबर

कातड्यावरून शेवटचा वाद झाला. फर्बी उघडाच ठेवावा, म्हणजे कॅम दिसतील, असे माझे मत. लहान वर्गातील मुले रडतील, असे ताईंचे. पत्नीने तोड काढली : कातड्याच्या मागच्या बाजूस वेल्क्रो शिवून दिले. पुढून तो साजरा दिसतो, आणि मागचे कातडे बाजूला केले की यंत्र दिसते. कानाचे टाके तिनेच घातले. माझे टाके मुलीच्या मते ‘ऑपरेशन झाल्यासारखे’ दिसत होते.

रविवार, १५ डिसेंबर

प्रदर्शन पार पडले. फेब्रुवारीच्या मेळ्याचा फलक फार थोड्या मुलांनी वाचला. लोंबणारी कागदी पट्टी मात्र सर्वांनी ओढून पाहिली आणि दुपारपर्यंत ती दोनदा चिकटवावी लागली. एल्मोला तिसऱ्यांदा दाबण्यासाठी रांग लागली होती. एका मुलीने २०२३ साली नव्याने आलेला फर्बी आणला होता. दोघांना समोरासमोर ठेवले, पण दोघेही आपापलेच बोलत राहिले.

सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न होता, ‘काका, हा बंद कुठून करायचा?’ या जुन्या फर्बीला बंद करण्याची कळच नाही, हे कोणत्याही मुलाला खरे वाटेना. तिघांनी कातड्याखाली शोधूनही पाहिले. त्याच्या डोळ्यांच्या वर उजेड ओळखणारा भाग आहे, त्यामुळे तो झाकून शांत ठेवला की तो झोपी जातो, असे सांगितल्यावर एका चिमुरड्याने आपली टोपी त्याच्यावर ठेवली आणि तिथेच पहाऱ्याला बसून राहिला.

सोमवार, १६ डिसेंबर

एल्मो आणि तामागोची सहकाऱ्याला परत केले. फर्बीचे चारही सेल काढून ठेवले, झाकणाचा स्क्रू पाकिटात घालून तळाला चिकटवला, आणि पाकिटावर लिहिले : सेल आत ठेवू नयेत, उठत नसल्यास हलकेच टिचकी मारावी. पेटी शाळेच्या कपाटात, वरच्या फळीवर, आकाशकंदिलांच्या शेजारी ठेवली आहे.